कण्याच्या अस्थिबंध-दुखापतींची सोनोग्राफी

कण्याच्या अस्थिबंध-दुखापतींची सोनोग्राफी ही श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने केली जाणारी वैद्यकीय तपासणी आहे. पाठीच्या कण्यातील मणक्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध (लिगामेंट) अपघातानंतर शाबूत आहेत की फाटले आहेत, हे या तपासणीने पाहिले जाते. छाती आणि कंबर यांच्या संधिभागातील मणक्यांच्या अस्थिभंगात, आणि तेही फक्त पाठीच्या बाजूच्या अस्थिबंधांसाठी, तिचा मुख्यतः उपयोग होतो. अस्थिबंधांच्या दुखापतीसाठी एमआरआय हीच प्रमुख तपासणी मानली जाते. एमआरआय उपलब्ध नसेल, करता येण्याजोगा नसेल किंवा त्याचा निष्कर्ष संदिग्ध असेल, तेव्हा सोनोग्राफी पूरक ठरते. सोनोग्राफीत अस्थिबंध फाटलेला स्पष्ट दिसला, तर त्या माहितीला वजन असते. मात्र काही दिसले नाही एवढ्यावरून कणा निर्धोक ठरवता येत नाही.

कण्याची रचना आणि अस्थिबंध

मानवी कण्यात साधारणपणे ३३ मणके असतात. त्यांपैकी ७ मानेत, १२ छातीच्या मागे व ५ कमरेत असतात; त्यांखाली एकमेकांशी जुळलेले त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे सुमारे ४ मणके असतात. प्रत्येक मणक्याचा पुढचा भाग जाड, गोलसर ठोकळ्यासारखा असतो व शरीराचे वजन मुख्यतः तोच पेलतो. त्याच्या मागे हाडाची कमान असते. कमानींच्या पोकळीतून मेरुरज्जू खाली जातो. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली चेतामुळांचा ‘अश्वपुच्छ’ नावाचा झुपका असतो. कमानीच्या मागे निघालेल्या टोकाला कंटक म्हणतात. पाठीच्या मधोमध बोटांना जी उंचवट्यांची रांग लागते, ती या कंटकांची असते.

मणके एकमेकांवर नुसते रचलेले नसतात, तर ते चिवट पट्ट्यांनी बांधलेले असतात. ठोकळ्यांच्या पुढून अग्र अनुदैर्घ्य आणि मागून पश्च अनुदैर्घ्य असे दोन लांब अस्थिबंध जातात. मागच्या बाजूस चार घटक असतात :

१. अधिकंटक अस्थिबंध : हा कंटकांच्या टोकांवरून जाणारा, त्वचेला सर्वांत जवळचा पट्टा होय. बहुतेक माणसांत तो कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास संपतो.
२. आंतरकंटक अस्थिबंध : दोन लगतच्या कंटकांमधील जागा भरून काढणारा पातळ पडदा. त्याचे तंतू तिरपे असतात.
३. पीत अस्थिबंध : दोन कमानींना आतून जोडणारा, लवचीक तंतूंमुळे पिवळसर दिसणारा अस्थिबंध.
४. मणक्यांच्या मागील बाजूच्या लहान सांध्यांची आवरणे.

या चौघांना मिळून ‘पश्च अस्थिबंध संकुल’ असे म्हणतात. माणूस पुढे वाकतो तेव्हा मणक्यांचे पुढचे ठोकळे दाबले जातात आणि मागचे हे संकुल ताणले जाते. ते पुरेसे ताणले गेल्यावर कणा थांबतो. तेच तुटले, तर कण्याला पुढे झुकण्यापासून रोखणारा मागचा दोर उरत नाही.

स्थैर्याच्या कल्पनेचा विकास

कोणता अस्थिभंग स्थिर आणि कोणता अस्थिर, हा कण्याच्या शस्त्रक्रियेतील जुना प्रश्न आहे. इंग्लंडमधील ई. ए. निकोल यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोळसा खाणकामगारांच्या पाठीच्या अस्थिभंगांचा विचार केला आणि आंतरकंटक अस्थिबंधाचे फाटणे हे अस्थिरतेचे लक्षण मानले. शेफिल्ड येथील फ्रँक होल्ड्सवर्थ यांनी १९६३ साली पश्च अस्थिबंध संकुलाला वर्गीकरणाच्या केंद्रस्थानी आणले. फ्रान्सिस डेनिस यांनी १९८३ साली कण्याचे पुढचा, मधला व मागचा असे तीन स्तंभ कल्पून स्थैर्याची चिकित्सा केली.

२००५ साली अलेक्झांडर व्हॅक्कारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छाती-कमरेच्या मणक्यांच्या दुखापतींसाठी ‘टीएलआयसीएस’ ही गुणांकन पद्धत मांडली. तिच्यात तीन गोष्टींना गुण दिले जातात : अस्थिभंगाचे स्वरूप, मेरुरज्जू व चेतामुळांची अवस्था आणि पश्च अस्थिबंध संकुलाची अवस्था. संकुल शाबूत असेल तर ०, शंकास्पद असेल तर २ आणि फाटलेले असेल तर ३ गुण मिळतात. एकूण ३ किंवा त्याहून कमी गुण झाल्यास सहसा शस्त्रक्रियेविना उपचार सुचवले जातात, ५ किंवा अधिक झाल्यास शस्त्रक्रिया सुचवली जाते आणि ४ गुणांना निर्णय शल्यविशारदावर सोपवला जातो.

अस्थिबंधांच्या तपासणीचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होते. एखाद्या रुग्णाचा मणका सर्व बाजूंनी फुटला आहे (या प्रकाराला २ गुण), पण पायांतील शक्ती व संवेदना उत्तम आहेत (० गुण). संकुल शाबूत असेल तर एकूण गुण २ होतात आणि पट्टा, विश्रांती व देखरेख यांवर भागते. संकुल फाटलेले असेल तर त्याच रुग्णाचे गुण ५ होतात आणि शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. शंका असेल तर गुण ४ वर अडतात. हाडाचा फोटो तिन्ही वेळा सारखाच असू शकतो; निर्णय बदलतो तो न दिसणाऱ्या अस्थिबंधामुळे. हाड जुळताना पुन्हा हाडच तयार होते. अस्थिबंध मात्र बहुधा व्रणाने जुळतो आणि तो व्रण मूळ पट्ट्याइतका भक्कम नसतो. अशी दुखापत ध्यानात आली नाही, तर रुग्ण उभा राहू लागल्यावर मणका हळूहळू पुढे कलणे, कुबड येणे, वेदना कायम राहणे आणि प्रसंगी चेतासंस्थेवर नव्याने दाब येणे, हे परिणाम संभवतात.

प्रचलित तपासण्या

अपघातग्रस्ताची तपासणी श्वसनमार्ग, श्वसन व रक्ताभिसरण यांपासून सुरू होते. तोवर कणा न हलवता सांभाळणे हा नियम आहे. पाठ तपासताना दोन कंटकांमध्ये बोटाला लागणारी खोलगट फट, तेथील सूज आणि दाबल्यावर होणारी तीव्र वेदना ही अस्थिबंध फाटल्याची लक्षणे मानतात. ती नसली, तरी दुखापत नाहीच असे म्हणता येत नाही.

साध्या क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, अस्थिबंध दिसत नाहीत. दोन कंटकांमधील अंतर शेजारच्या अंतरांपेक्षा वाढलेले असेल, तर मधला अस्थिबंध तुटल्याचे अनुमान काढता येते. सीटी स्कॅनमध्ये हाडाची बारीकसारीक मोडतोड दिसते आणि लहान सांधे निसटल्याचेही कळते. परंतु येथेही अस्थिबंधांबाबतचा निष्कर्ष बहुतांशी अप्रत्यक्षच असतो. शिवाय या दोन्ही तपासण्यांच्या वेळी रुग्ण बहुधा उताणा असतो आणि त्या स्थितीत रुंदावलेली फट पुन्हा मिटलेली असू शकते.

एमआरआयमध्ये अस्थिबंध, चकत्या, मेरुरज्जू व सूज हे सर्व दिसते. मात्र त्यात सूज फार ठळक उमटते. त्यामुळे नुसता ताणलेला अस्थिबंधही फाटल्यासारखा वाटू शकतो. तपासणीला वेळ लागतो, रुग्णाला स्थिर पडून राहावे लागते आणि काही प्रकारचे पेसमेकर किंवा डोळ्यात अडकलेला धातूचा कण असल्यास ती करता येत नाही. लहान रुग्णालयांत हे यंत्र बहुधा नसते. सोनोग्राफीचा विचार पुढे आला तो या अडचणींमुळे.

तपासणीचे तत्त्व

माणसाच्या कानाला साधारणपणे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडच्या ध्वनीला श्राव्यातीत म्हणतात. सोनोग्राफीत वापरल्या जाणाऱ्या लहरींची वारंवारता काही मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला काही दशलक्ष कंपने इतकी असते. प्रोबमधून निघालेली लहर शरीरातील मऊ ऊतींमधून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जाते आणि दोन भिन्न ऊतींच्या सीमेवर तिचा काही अंश परत फिरतो. परतण्यास लागलेल्या वेळावरून सीमेची खोली काढतात व परतलेल्या लहरीच्या जोरावरून चित्रातील उजळपणा ठरतो.

वारंवारता जितकी अधिक, तितकी लहर आखूड आणि चित्र बारकाव्याचे. पण अशी लहर फार खोल जात नाही. १० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ऊतींमध्ये सुमारे ०.१५ मिलिमीटर भरते. अधिकंटक अस्थिबंध त्वचेपासून फार खोल नसल्यामुळे त्याच्यासाठी अशी लहर योग्य ठरते. स्थूल व्यक्तींत किंवा खोल भाग पाहताना २ ते ५ मेगाहर्ट्झचा बाकदार प्रोब वापरावा लागतो आणि बारकावे कमी होतात.

हाडाच्या पृष्ठभागावरून लहरींचा मोठा भाग परावर्तित होतो आणि आत शिरलेला भाग शोषला जातो. म्हणून हाडाची कड चित्रात पांढरी शुभ्र दिसते आणि तिच्यामागे काळी सावली पडते. कण्याच्या सोनोग्राफीची सारी शक्यता आणि साऱ्या मर्यादा या एका गोष्टीतून निघतात. हाडाच्या अलीकडचे आणि दोन हाडांच्या फटीतले पाहता येते. पलीकडचे पाहता येत नाही.

तपासणीची पद्धत

रुग्णाची पाठ प्रोबला उपलब्ध व्हावी लागते. प्रकृती स्थिर असून डॉक्टरांनी परवानगी दिली असल्यास त्याला पालथे झोपवतात. अन्यथा डोके, छाती, कंबर व पाय एका रेषेत ठेवून अनेक जणांनी मिळून त्याला ओंडक्यासारखे कुशीवर वळवावे लागते. अस्थिर कण्याला ही हालचालही जोखमीची असल्याने केवळ सोनोग्राफीसाठी रुग्णाला पुन्हा वळवणे टाळतात आणि शक्यतो पाठीच्या नेहमीच्या तपासणीच्या वेळीच ती उरकतात. फट उघडते का हे पाहण्यासाठी ताज्या दुखापतीत रुग्णाला मुद्दाम वाकवले जात नाही.

प्रथम मणके मोजून जागा निश्चित करतात. त्यासाठी त्रिकास्थीपासून वर मोजत जातात किंवा बाराव्या बरगडीचा आधार घेतात आणि ही मोजणी क्ष-किरण चित्राशी ताडून पाहतात. नंतर जेल लावून प्रोब मध्यरेषेवर उभा ठेवतात. या छेदात कंटकांची टोके पांढऱ्या टोप्यांसारखी एकाखाली एक दिसतात आणि त्यांना जोडणारा अधिकंटक अस्थिबंध तंतुमय, सलग पट्ट्यासारखा दिसतो. प्रोब मध्यरेषेच्या किंचित बाजूला नेऊन आत तिरपा केल्यास कमानींच्या फटीतून पीत अस्थिबंधाचा काही भाग दिसू शकतो. शेवटी प्रोब आडवा करून दोन्ही बाजूंच्या सांध्यांची व स्नायूंची तुलना करतात.

दुखापतीच्या वरचे आणि खालचे निरोगी मणकेही तपासणे आवश्यक असते. अस्थिबंधाची जाडी व कंटकांमधील अंतर माणसागणिक वेगळे असते. त्यामुळे रुग्णाचेच शेजारचे मणके हे तुलनेचे सर्वांत विश्वसनीय माप ठरते.

चित्राचा अर्थ

फाटलेल्या अस्थिबंधाची पुढील लक्षणे शोधली जातात :

• अधिकंटक अस्थिबंधाचा पट्टा मध्येच खंडित होणे किंवा त्याची टोके मागे सरकलेली दिसणे.
• दोन कंटकांमध्ये साचलेल्या रक्ताचा काळा किंवा करडा डाग.
• आंतरकंटक जागेतील तंतूंची रचना पुसट होणे.
• कंटकांमधील अंतर शेजारच्या पातळ्यांपेक्षा स्पष्टपणे वाढणे.
• अस्थिबंधाबरोबर उखडलेला हाडाचा लहानसा कपचा.

यांपैकी पट्टा खंडित होणे आणि अंतर वाढणे ही दोन लक्षणे एकाच पातळीवर आढळली व तेथेच रुग्णाला वेदना असली, तर निष्कर्ष बळकट होतो. एकट्या काळ्या डागावर निदान ठरवता येत नाही, कारण मुका मार लागलेल्या स्नायूतही रक्त साचते.

तंतूंना लहर काटकोनात भिडली तरच ते उजळ दिसतात. प्रोब थोडा कलला की निरोगी अस्थिबंधही काळसर भासतो. आंतरकंटक अस्थिबंधाचे तंतू मुळातच तिरपे असल्याने तेथे ही फसगत अधिक होते. म्हणून शंकास्पद जागा दोन-तीन कोनांतून पाहण्याचा प्रघात आहे. कमरेचा पाचवा मणका व त्रिकास्थी यांच्यामध्ये अधिकंटक अस्थिबंध निसर्गतःच नसू शकतो. तेथील रिकामी जागा ही दुखापत समजली जाण्याची शक्यता असते. उतारवयात आंतरकंटक अस्थिबंधांची झीज होते आणि त्यांत मेद साचतो. ते बदलही ताज्या इजेचा आभास निर्माण करतात.

संशोधन

ऑस्ट्रियाचे कार्ल डुसिक यांनी १९४० च्या दशकात श्राव्यातीत लहरी निदानासाठी वापरण्याचा प्रयत्न केला. १९५८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांध्यांच्या निरनिराळ्या ऊतींमध्ये या लहरी किती क्षीण होतात, याची मोजमापे प्रसिद्ध केली. पुढे खांदा, गुडघा व घोटा यांच्या अस्थिबंधांसाठी सोनोग्राफी रूढ झाली. कण्याकडे मात्र ती उशिरा वळली. छाती-कमरेच्या अस्थिभंगात पश्च अस्थिबंध संकुल सोनोग्राफीने तपासता येते का, याचा अभ्यास दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी २००२ साली ‘स्पाइन’ या नियतकालिकात, तर जर्मनीतील डॉक्टरांनी २००९ साली ‘युरोपियन स्पाइन जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांत सोनोग्राफीतील निष्कर्ष एमआरआयशी किंवा शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष दिसलेल्या स्थितीशी ताडून पाहिले जातात. त्यांतून या पद्धतीची व्यवहार्यता दिसून आली. परंतु रुग्णसंख्या लहान असल्याने आणि तपासणारे बहुधा अनुभवी असल्याने हे निष्कर्ष सर्वत्र तसेच लागू करता येत नाहीत.

मर्यादा

ठोकळ्यांच्या पुढचे व मागचे अनुदैर्घ्य अस्थिबंध, चकत्या आणि प्रौढांचा मेरुरज्जू हे सगळे हाडांच्या आड असल्याने पाठीवरून केलेल्या सोनोग्राफीत त्यांच्या दुखापतीचा निर्णय करता येत नाही. मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांना धरून ठेवणारा आडवा अस्थिबंध हाडाच्या कड्याच्या आत असतो. त्याची इजा प्राणघातक ठरू शकते, पण सोनोग्राफी तेथपर्यंत पोचत नाही. त्यामुळे मान निर्धोक असल्याचा निर्वाळा देण्यासाठी ही तपासणी वापरली जात नाही. त्यासाठी शारीरिक तपासणीचे ठरलेले निकष, सीटी स्कॅन आणि गरजेनुसार एमआरआय यांचाच आधार घेतात. मुलांमध्ये क्ष-किरण व सीटीमध्ये हाड शाबूत दिसूनही मेरुरज्जूला इजा झालेली असू शकते. तेथेही एमआरआयच आवश्यक ठरतो.

कण्याच्या दाहामुळे अस्थिबंधांचे हाड झालेल्या रुग्णांत मणके बांबूसारखे एकसंध होतात. असा कणा किरकोळ पडण्यानेही आरपार मोडू शकतो, आणि फटी बुजल्यामुळे सोनोग्राफीला तेथे वाटच मिळत नाही. उघडी जखम, मोठी सूज व त्वचेखालील हवा यांमुळेही चित्र बिघडते. शिवाय ही तपासणी करणाऱ्याच्या कौशल्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. उलटपक्षी, तिच्यात क्ष-किरणांचा संसर्ग नसतो, ती खाटेजवळ करता येते, थोड्या वेळात आटोपते आणि हवी तितक्या वेळा पुन्हा करता येते.

भारतातील वापर

पोटातील रक्तस्राव शोधण्यासाठी केल्या जाणाऱ्या ‘फास्ट’ या तपासणीमुळे अपघात विभागात सोनोग्राफी यंत्र बहुधा हाताशी असते. तरीही भारतात त्याच्या वापराला एक वेगळी कायदेशीर चौकट आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशातील पहिला कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. त्यानुसार गर्भाचे लिंग ओळखता येईल असे यंत्र, ते कोणत्याही कामासाठी वापरायचे असले तरी, नोंदणी केलेल्या ठिकाणीच ठेवावे लागते. २०१२ सालच्या नियम-दुरुस्तीने सुवाह्य यंत्रांचा वापर नोंदणीकृत आवारातील आंतररुग्णांसाठी आणि ठरावीक अटींवर फिरत्या वैद्यकीय पथकांसाठी मर्यादित केला. यामुळे अपघातस्थळी किंवा एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात यंत्र नेऊन तपासणी करण्यास येथे फारसा वाव नाही. व्यवहारात ती रुग्णालयाच्या आतच होते.

एमआरआय नसलेल्या रुग्णालयात या तपासणीचा मुख्य उपयोग रुग्णाला पुढे पाठवण्याची निकड ठरवण्यापुरता असतो. अस्थिबंध फाटलेला दिसल्यास कणा अस्थिर धरून, रुग्णाला न हलवता, कण्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या केंद्राकडे लवकर पाठवले जाते. चित्र निर्दोष दिसले, पण अपघात जोराचा असेल, पाठीत तीव्र वेदना असेल किंवा हातापायांत बधिरता असेल, तर एमआरआय होईपर्यंत कण्याची सर्व खबरदारी तशीच चालू ठेवतात.